महागाई शून्याजवळ आली, मग वाणसामानाचं बिल का नाही उतरलं?

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न दुकान, बिल आणि हप्ता यांच्याभोवतीचे आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. कराचे दर आणि सरकारी आकडे प्रत्यक्षातले आहेत. बाकी उदाहरणांतल्या किमती हिशेब कळावा म्हणून गृहीत धरल्या आहेत, तिथे तुमच्या बिलातले आकडे घालून पाहा.

प्रश्न : ऑक्टोबर २०२५मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आल्याची बातमी वाचली. आमचा महिन्याचा खर्च मात्र कमी झाला नाही. सरकारी आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा? – गृहिणी, सांगली

आकडा खरा आहे, आणि तुमचा अनुभवही खरा आहे. महागाईचा दर काढताना या महिन्याच्या किमतींची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. भाज्यांचंच बघा. ऑक्टोबर २०२४मध्ये भाज्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी महाग होत्या, ऑक्टोबर २०२५मध्ये त्या सुमारे साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात जी पिशवी १०० रुपयांत भरत होती, ती पुढच्या वर्षी १४२ला गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी १०३वर आली. बातमीत मोठी घसरण दिसते, पण दोन वर्षांपूर्वीच्या भावापेक्षा तुम्ही अजून तीन रुपये जास्तच देताय.

दुसरं कारण आहे भारांकाचं, म्हणजे महागाई मोजताना कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचं याचं. तो आकडा ज्या मालिकेतला आहे, तिची टोपली, म्हणजे मोजायच्या वस्तूंची यादी, २०११-१२च्या घरखर्च सर्वेक्षणावरून भरली होती. तिच्यात खाद्यपदार्थ आणि पेयांना ४५.८६ टक्के वजन होतं, एकट्या धान्याला जवळजवळ १० टक्के. २०२३-२४च्या सर्वेक्षणात मात्र शहरी घरांचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ३९.६८ टक्के निघाला. धान्याचा वाटा चारच्याही खाली, आणि पेयं, तयार व पाकीटबंद पदार्थांचा ११ टक्क्यांच्या वर. त्यामुळे धान्य-भाजी उतरली की निर्देशांक जितका खाली येत होता, तितका तुमचा खर्च खाली येत नव्हता. फेब्रुवारी २०२६पासून २०२४ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका सुरू झाली आहे. तिच्यात खाद्यपदार्थांचं वजन ३७ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे भाजीच्या चढउताराचे हेलकावे आता कमी बसतील. जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे शेजारी ठेवून ‘महागाई एकदम वाढली’ किंवा ‘उतरली’ असा निष्कर्ष काढू नका.

आता घरचा हिशेब. त्याच सर्वेक्षणात शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आहे, म्हणजे चौघांच्या घराला साधारण २८ हजार. अशा घरात भाजी महिन्याला अडीच हजारांची असेल, तर साडेसत्तावीस टक्के घसरणीने ६८८ रुपये वाचले. शाळेची फी आणि व्हॅन मिळून ५,००० होते ते ५,४५० झाले, तेल ८००चं ९०० झालं, औषधं १,५००ची १,५७५ झाली. वाचलेल्या ६८८ पैकी ६२५ तिथेच गेले. उरले ६३ रुपये, ते कुणाला जाणवणार?

तेलाचं कारण वेगळं सांगायला हवं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. सोयाबीनचा भाव आधारभूत किमतीखाली गेला होता, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण त्याचा भार स्वयंपाकघरावर आला. ३० मे २०२५ला शुल्क १० टक्क्यांवर आणलं, तरी भाव पहिल्या जागी गेले नाहीत.

घरचा निर्देशांक काढायचा असेल तर वहीत पंधरा-वीस बाबी लिहा आणि प्रत्येकीचं प्रमाण कायम ठेवा. उदाहरणार्थ ५ किलो तेल, ४५ लिटर दूध, एक सिलिंडर, ४ किलो तूरडाळ. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्याच दुकानातून, त्याच ब्रँडचे भाव लिहा. एकूण रकमेला पहिल्या महिन्याच्या रकमेने भागून १००ने गुणा. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, त्या महिन्यात पाहुणे आले म्हणून वाढलेली खरेदी त्यात धरली जाते. प्रमाण वाढलं तर ती महागाई नव्हे. दोन, फी आणि विम्यासारखे वर्षातून एकदा येणारे खर्च सुटतात. ते बाराने भागून दर महिन्यात टाका.

प्रश्न : साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी १८वरून ५ टक्के झाला, म्हणजे १३ टक्के स्वस्त व्हायला हवं होतं ना? दुकानदार तेवढे कमी करत नाही. – निवृत्त शिक्षक, परभणी

तेरा टक्क्यांची अपेक्षा चुकीची आहे. कर मूळ किमतीवर लागतो आणि एमआरपीत तो आधीच मिसळलेला असतो. १०० रुपयांच्या एमआरपीत मूळ किंमत ८४ रुपये ७५ पैसे आणि कर १५ रुपये २५ पैसे होता. त्याच मूळ किमतीवर ५ टक्के लावले की ८८ रुपये ९८ पैसे होतात. म्हणजे घट ११ टक्क्यांची. सूत्र सोपं आहे : जुनी एमआरपी गुणिले १०५, भागिले ११८. तुपासारख्या १२वरून ५वर आलेल्या वस्तूंना १०५ भागिले ११२, म्हणजे ६०० रुपयांचं तूप ५६२ रुपये ५० पैशांना. एसी, ३२ इंचांपेक्षा मोठा टीव्ही आणि सिमेंट २८वरून १८वर आले. तिथे ११८ भागिले १२८ करा, ४० हजारांचा एसी ३६,८७५ला बसतो.

हे दर २२ सप्टेंबर २०२५पासून लागू आहेत. पण सगळंच उतरलं असं धरून दुकानात वाद घालू नका. आंघोळीच्या साबणाची वडी ५ टक्क्यांत आली, लिक्विड हँडवॉश १८मध्येच राहिला. कपड्यांची पावडरही १८मध्येच आहे. फ्रिज, वॉशिंग मशिन आणि मोबाइल आधीपासून १८मध्ये होते, त्यांत बदल नाही. सुट्या तांदूळ-डाळीवर जीएसटी नाहीच. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर मात्र जुलै २०२२पासून ५ टक्के आहे, आणि ते तसंच आहे.

पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची गोष्ट निराळी. दहा रुपयांचं बिस्किट ८ रुपये ९० पैशांना विकायचं तर सुटे पैसे कुणाकडे आहेत? म्हणून बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. वाढ किती असायला हवी ते ११८ भागिले १०५ने कळतं : सव्वाबारा टक्क्यांहून थोडी जास्त. जुना पुडा ४४ ग्रॅमचा असेल तर नवा ४९ ग्रॅमच्या पुढे हवा. ४६ ग्रॅमचा आला तर करकपातीतला बराचसा भाग कंपनीने ठेवून घेतला असं समजा.

यात दुकानदाराची अडचणही समजून घ्या. त्याने जुना माल १८ टक्के कर भरून घेतला होता. नोंदणीकृत दुकानदाराला त्याची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला ती मिळत नाही, वितरकाने फरक दिला नाही तर तो त्याच्या खिशातून जातो. करकपातीचा फायदा गिऱ्हाइकाला न देणाऱ्यांविरुद्धच्या, नफेखोरीविरोधी जुन्या यंत्रणेत नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५पासून बंद झालं आहे. त्यामुळे मोठ्या साखळी दुकानाने किंवा ॲपने नव्या दराने बिल केलं नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बिलाचा आणि वेष्टनाचा फोटो जवळ ठेवा, कारण पहिल्यांदा तेच मागतात.

प्रश्न : तेलाचं पाउच हल्ली हलकं वाटतं. माझा भास आहे का? – चिपळूण

भास नाही. १ लिटर खाद्यतेल वजनाने साधारण ९१० ग्रॅम भरतं. दिसायला तेवढंच पाउच ८५० किंवा ८०० ग्रॅमचंही मिळतं. कोणत्या वस्तूची पाकिटं किती वजनाचीच असावीत हे बांधून देणारी जुनी सक्ती आता उठली आहे, म्हणून हे कायदेशीर आहे. त्या बदल्यात वेष्टनावर एककाची किंमत छापणं बंधनकारक झालं : किलोपेक्षा कमी वजन असेल तर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो.

यात एक खोच आहे. ही किंमत दोन दशांशांपर्यंतच छापतात. समजा ९१० ग्रॅमचं पाउच १४८ रुपयांना आणि ८५० ग्रॅमचं १४०ला आहे. दोन्हींवर प्रति ग्रॅम ०.१६ रुपयेच छापलेलं दिसेल. मोबाइलवर किंमत भागिले ग्रॅम गुणिले १,००० करा. पहिलं किलोला १६२ रुपये ६४ पैसे, दुसरं १६४ रुपये ७१ पैसे. म्हणजे आठ रुपयांनी स्वस्त दिसणारं पाउचच महाग आहे. तुलना नेहमी ग्रॅमवर करा, मिलिलिटरवर नको.

प्रश्न : आमच्या भागात दहा-पंधरा मिनिटांत माल पोचवणारी ॲप आल्यापासून गल्ला घटला आहे. मीही घरपोच सेवा सुरू करावी का? भाव किती पाडावेत? – किराणा दुकानदार, नाशिक

भाव पाडण्यापासून सुरुवात करू नका, ही कळकळीची विनंती. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे. ते बराचसा माल मोठ्या प्रमाणात उचलतात, ॲपवर वरची जागा मिळावी म्हणून कंपन्या त्यांना जाहिरातीचे पैसे देतात, शिवाय गुंतवणूकदारांच्या पैशावर तोटा सोसायची त्यांची ताकद आहे. ज्या ब्रँडच्या बिस्किटावर किंवा शाम्पूवर तुम्हाला आठ-दहा टक्के सुटतात, तिथे पाच टक्के सोडलेत तर तुमचा निम्मा नफा गेला. गिऱ्हाइकाला मात्र त्यात शंभराला पाच रुपयेच दिसतात.

तुमची ताकद सुट्या मालात आहे. इंद्रायणी, आंबेमोहोर, वाडा कोलम शेजारी ठेवून दाखवता येतात, डाळ मुठीत घेऊन बघता येते, पाव किलो पोहे देता येतात, जाड निघाले तर परत घेता येतात. सुट्या धान्य-डाळीवर जीएसटी नाही, आणि पाकीटबंदशी एमआरपीची थेट तुलनाही होत नाही. त्यामुळे फळीची पुढची जागा या मालाला द्या. उन्हाळ्यात लाल मिरची, धणे, हळद यांची वर्षाच्या मसाल्याची पूर्ण यादी एकत्र देणं, दिवाळीच्या फराळाचं सामान किलोच्या हिशेबाने बांधून देणं, या कामात ॲप तुमच्या मागेच राहतं.

घरपोच सेवा करा, पण खर्च मांडून. समजा पोऱ्याला महिना १२ हजार आणि पेट्रोलला २ हजार. २६ दिवस, रोज २५ फेऱ्या म्हणजे ६५० फेऱ्या. एका फेरीला साडेएकवीस रुपये पडले. तुमचा सरासरी नफा १२ टक्के असेल तर १८० रुपयांच्या ऑर्डरला फक्त फेरीचाच खर्च निघतो, दुकानाचं भाडं आणि वीज त्यात नाहीतच. म्हणून किमान ४०० रुपयांची अट ठेवा, आणि ‘लगेच’ हा शब्द वापरू नका. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ६ ते ८ अशा दोन पाळ्या ठरवा. एका सोसायटीच्या सहा ऑर्डर एकत्र निघाल्या की एका ऑर्डरमागचा खर्च निम्म्याच्या खाली येतो. महिन्याच्या यादीला घाई नसते, आणि तुमचा खरा धंदा ती यादीच आहे.

व्हॉट्सॲपवर यादी घेताना गोंधळ होतो तो वजन आणि ब्रँड न लिहिल्यामुळे. यादी आली की रकमेसह परत पाठवा, होकार घ्या, नसलेल्या मालाऐवजी दुसरा चालेल का ते तेव्हाच विचारा. न विचारता बदलून पाठवलेली एक चहा पावडर दहा यादींचा विश्वास घालवते.

आणि फळीवरचा माल मार्जिनवर निवडू नका, मार्जिन गुणिले फेर (माल वर्षात किती वेळा संपतो) यावर निवडा. दहा हजारांची बिस्किटं ८ टक्क्यांवर दर दहा दिवसांनी संपत असतील, तर वर्षाला ३६ फेर होतात आणि २८,८०० रुपये सुटतात. दहा हजारांचं महागडं म्यूसली २० टक्क्यांवर चार महिन्यांनी संपत असेल, तर तीन फेर आणि ६,००० रुपये. सेल्समन स्कीम सांगतो ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या मालावर असते. मुदत संपलेला माल वितरक किती दिवसांत आणि किती टक्के परत घेतो, हे स्कीम घेण्याआधी लेखी विचारा. उधारीचंही तेच : तीस दिवसांत परत आलेली उधारी गिऱ्हाईक बांधते, साठ दिवसांपुढे गेलेली तुमचा वितरकाकडचा भाव बिघडवते.

ग्राहकांसाठी एक ओळ इथेच. ॲपवरची किंमत बघताना हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं किंवा गर्दीचं शुल्क धरून शेवटचा आकडा बघा. शेवटच्या पडद्यावर शुल्क वाढवणं आणि न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, हे दोन्ही २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिबंधित आहेत. तक्रार १९१५वरच करता येते.

प्रश्न : यूपीआयने पैसे घेतले की जीएसटीची नोटीस येते असं ऐकून काही दुकानदार रोखच मागतात. खरं काय? – जनरल स्टोअर्स चालक, कोल्हापूर

या भीतीचं मूळ जुलै २०२५मध्ये कर्नाटकात आहे. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. त्यांत दूध-भाजी असा करमुक्त माल विकणारेही होते, आणि नंतर सरकारला सवलतीची भूमिका घ्यावी लागली. पण कर यूपीआयवर लागत नाही, उलाढालीवर लागतो, मग पैसे कसेही येवोत. क्यूआर कोड काढून टाकून उलाढाल कमी होत नाही, गिऱ्हाईक तेवढं कमी होतं.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. इथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो : आइस्क्रीम, पानमसाला किंवा तंबाखूजन्य माल विकत असाल तर ४० लाखांची सवलत मिळत नाही, मर्यादा २० लाखच राहते. कोपऱ्यात आइस्क्रीमचा फ्रीजर आणि काउंटरवर तंबाखूच्या पुड्या ठेवणारी दुकानं किती आहेत, ते तुम्हीच आठवा. दुसरं, उलाढाल मोजताना सुटं धान्य, दूध असा करमुक्त मालही धरायचा असतो. फक्त करमुक्तच माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण त्याच्या जोडीला साबण ठेवलात की सगळी बेरीज होते. कोल्हापूरकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं, करपात्र माल बेळगावला किंवा गोव्याला विकून पाठवलात तर मर्यादेचा प्रश्नच उरत नाही, नोंदणी लागते.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करा. दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशन योजना सोयीची आहे. करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा, तिमाही भरणा पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत आणि वर्षाचं एक विवरणपत्र ३० जूनपर्यंत. पण मग गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. हॉटेल-कँटीनला माल पुरवत असाल तर त्यांना वजावट हवी असते, अशा वेळी ही योजना तुमची गिऱ्हाइकं घालवू शकते.

नोटिसा चुकीच्या आकड्यांवर येतात त्याला कारण बहुधा एकच असतं, घरचं आणि दुकानाचं खातं एक असणं. भावाने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, मुलीच्या फीसाठी आलेले पैसे, सगळं ‘जमा’मध्ये दिसतं. दुकानासाठी वेगळं चालू खातं आणि त्याचाच क्यूआर ठेवा. रोज रात्री तीन आकडे लिहा : यूपीआय, रोख, उधारीची वसुली. यूपीआयने फायदाही होतो. आयकराच्या अनुमानित योजनेत बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के.

प्रश्न : ‘नो कॉस्ट ईएमआय’ खरंच बिनव्याजी असतो का? – ठाणे

नसतो. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली खर्च लपवण्यावर रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बंधन घातलं. त्यानंतरची रचना अशी आहे की बँक व्याज लावते आणि विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. ३० हजारांचा फोन सहा महिन्यांत ५ हजारांच्या हप्त्यांनी घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर कर्ज २८,७३० रुपयांचं होतं आणि व्याज १,२७०चं. बेरीज ३० हजारच होते, इथपर्यंत जाहिरात बरोबर आहे.

पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो : २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर त्यावरच्या करासह २३५. म्हणजे ४६४ रुपये जास्त गेले. आता तोच फोन एकरकमी घेतल्यावर दुकानदार २८,५००ला देत असेल, तर हप्त्यांची खरी किंमत जवळजवळ १,९६४ रुपये होते. सहा महिन्यांत उतरत जाणाऱ्या बाकीवर हा वार्षिक २३-२४ टक्क्यांचा दर पडला. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?’ हप्त्याची गोष्ट त्यानंतर काढा. आधी हप्ता ठरला की रोखीची सूट सांगायला कुणी पुढे येत नाही.

हप्ता कार्डाच्या बिलात येतो. महिन्याचं पूर्ण बिल भरलं नाही तर उरलेल्या रकमेवर महिना साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही त्याच वेळी जाते. फोन परत केला तरी प्रक्रिया शुल्क सहसा परत येत नाही. दुकानात बसलेल्या फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं तर व्याजावर जीएसटी नसतो, पण विमा, सदस्यत्व कार्ड आणि हप्ता परत गेल्याचं शुल्क त्यात येतं. १ ऑक्टोबर २०२४पासून अशा कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळ्या खर्चासह वार्षिक दर छापलेला असतो. ते मोबाइलवर मागून घ्या आणि वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

प्रश्न : सराफाकडे अकरा महिने ५ हजार भरले की बारावा अर्धा हप्ता तो घालतो. मुलीच्या लग्नासाठी ही सोन्याची भिशी चांगली का? – सोलापूर

परतावा कागदावर बरा दिसतो. ११ हप्त्यांचे ५५ हजार, वर २,५००. पैसे एकदम नव्हे तर महिन्या-महिन्याला गेले, त्यामुळे हा वार्षिक ९ टक्क्यांच्या आसपास पडतो, बँकेच्या आवर्ती ठेवीपेक्षा जास्त. पण तो घडणावळीत परत काढला जाऊ शकतो. एरवी १० टक्के मजुरीवर मिळणारा दागिना भिशीवाल्यांना १४ टक्क्यांवर लावला, तर मजुरी आणि जीएसटी धरून ५७,५०० रुपयांच्या खरेदीत सोनं सुमारे ४९ हजारांचंच बसतं, आणि चार टक्क्यांच्या फरकाने जवळजवळ दोन हजार जातात. तेव्हा भिशी सुरू करतानाच मजुरीचा टक्का पासबुकावर लिहून घ्या. दर महिन्याला रुपये साठतात की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम, हेही विचारा. लग्नाला दोन-तीन वर्षं असतील आणि भाव चढता असेल तर ग्रॅमवाली भिशी बरी.

योजना अकराच महिन्यांची का, तर कंपनीने घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या रूपात द्यावी लागते, नाही तर ती ठेव ठरते. पेढी बंद पडली तर बँक ठेवींचं पाच लाखांचं विमा संरक्षण इथे नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९चा कायदा आहे, पण त्याखाली पैसे मिळायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून रोखीने भरू नका, बँकेतून भरा, पावती घ्या, आणि अकरा महिने झाले की दागिना किंवा नाणं उचला. पुढच्या भिशीत रक्कम वळवायचा आग्रह झाला तर स्पष्ट नाही म्हणा.

उचलताना दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, २२ कॅरेटसाठी २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा. एप्रिल २०२३पासून तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात पाटली आणि ॲपवर अंगठी दिसली तर तिथेच थांबा. खड्यांचं वजन बिलात वेगळं हवं. हॉलमार्किंगचा खर्च नगाला ४५ रुपये आणि कर एवढाच आहे, त्याहून जास्त मागितले तर कारण विचारा.

प्रश्न : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलं असेल तर ते बंधनकारक आहे का? – बार्शी

माल सदोष असेल तर नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. बिल न देणंही त्याच व्याख्येत येतं. रंग आवडला नाही किंवा माप चुकलं, यासाठी मात्र दुकानदार बांधील नाही. तिथे त्याने स्वतः ठरवलेला नियम लागू होतो, म्हणून साडी-ड्रेस घेताना अदलाबदलीची मुदत बिलावर लिहून घ्या.